टेंभी नाक्यावरचा इतिहासाचा तास

ठाणे रेल्वे स्थानकातून बाहेर पडून जुन्या गावाच्या दिशेने चालू लागले, की बाजारपेठेची गर्दी ओलांडल्यावर टेंभी नाका लागतो. नवरात्रात येथे देवीचा मोठा उत्सव भरतो आणि पाय ठेवायलाही जागा उरत नाही. एरवीही नाका गजबजलेलाच असतो. कोणी कचेरीच्या घाईत, कोणी दवाखान्याच्या, तर कोणी शाळेच्या. पाठीवर दप्तर घेतलेली कितीतरी मुले रोज या नाक्यावरून जातात. दप्तरात इतिहासाचे पुस्तक असते. परंतु त्या पुस्तकाचा आणि या नाक्याचा काही संबंध असेल, असे त्यांच्या मनातही येत नाही.

यात मुलांचा दोष नाही. इतिहास म्हणजे सनावळी, लढाया, तह आणि तहांची कलमे, असे समीकरण फार दिवसांपासून चालत आले आहे. परीक्षेच्या आदल्या रात्री सन पाठ करावेत आणि परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरून जावेत! पालथ्या घड्यावर पाणी ओतावे तशी ती गत होते. गुजरातेत भावनगर येथे गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) नावाचे थोर शिक्षक होऊन गेले. त्यांच्या 'दिवास्वप्न' या पुस्तकातील शिक्षक इतिहासाचे पुस्तक बाजूला ठेवतो आणि मुलांना गोष्टी सांगू लागतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी तोच शिक्षणविचार महाराष्ट्रात आणला आणि १९४५ साली, त्या वेळी ठाणे जिल्ह्यात असलेल्या बोर्डी गावी, बालशिक्षणाचे केंद्र उघडले. मुलाने नुसते ऐकू नये, त्याने पाहावे, हाताळावे, करून पाहावे, हे त्यांचे म्हणणे. ते लहान मुलांच्या बाबतीत खरे असेल, तर बारा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत का खरे नसावे?

समजा, एका कल्पक शिक्षकांनी आपला सातवीचा वर्ग घेऊन टेंभी नाका गाठला. त्यांची अट एकच : "आज मी काही सांगणार नाही. तुम्ही फक्त प्रश्न विचारायचे. ज्याचा प्रश्न चांगला, त्याला शाबासकी."

पहिली काही मिनिटे मुले नुसतीच इकडेतिकडे पाहतील. मग कोणाच्या तरी दृष्टीस पारशी लोकांची अग्यारी पडेल. ती १७८० साली बांधलेली आहे. अग्यारीत पारशी नसलेल्यांना जाता येत नाही, म्हणून वर्ग बाहेरच उभा राहील. येथून जवळच यहुदी लोकांचे प्रार्थनामंदिर आहे. ते १८७९ सालचे. त्याचे हिब्रू नाव 'शार हश्शामाईम', म्हणजे स्वर्गाचे द्वार. त्या मंदिराशी ज्यांचा पिढ्यान् पिढ्यांचा संबंध, ते बेने इस्रायली लोक घरी कोणती भाषा बोलतात, असे विचारले तर बहुतेक मुले चुकीचे उत्तर देतील. ते मराठी बोलतात! फार पूर्वी अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यावर आपल्या पूर्वजांचे गलबत फुटले, अशी त्यांच्यात परंपरागत समजूत आहे. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालविले आणि लोक त्यांना 'शनिवार तेली' म्हणू लागले. शनिवारच का? शनिवारी त्यांचा घाणा बंद असे. यहुदी धर्मात तो विश्रांतीचा पवित्र दिवस होय. एका टोपणनावात केवढा इतिहास दडलेला असतो पाहा.

आता एखादा विद्यार्थी विचारील, "अग्यारी १७८० मध्येच का बांधली? त्याआधी का नाही?"

हा प्रश्न शाबासकीचा. कारण त्याचे उत्तर शोधताना सनावळी आपोआप हातात घ्यावी लागते. मुले पुस्तक उघडतील. पोर्तुगिजांनी १७३० च्या सुमारास ठाण्याला किल्ला बांधावयास घेतला. चिमाजी आप्पांच्या मोहिमेत १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला. डिसेंबर १७७४ मध्ये इंग्रजांनी तो घेतला. म्हणजे इंग्रजी अंमल सुरू झाल्यानंतर सहा वर्षांच्या आत अग्यारी उभी राहिली. "मग इंग्रज आले म्हणूनच अग्यारी झाली!" असे कोणी उत्साहाने म्हणेल. येथे शिक्षकांनी हात वर करून थांबवावे. एकामागून दुसरे घडले, एवढ्यावरून पहिल्यामुळे दुसरे घडले असे सिद्ध होत नाही. कोंबडा आरवल्यावर सूर्य उगवतो, पण कोंबड्यामुळे उगवत नाही. तेव्हा तो तर्क वहीत लिहावा, पण पुढे प्रश्नचिन्ह ठेवावे आणि पुरावा शोधावा.

या वहीविषयी थोडे सांगितले पाहिजे. वहीच्या प्रत्येक पानावर मधोमध एक उभी रेघ मारलेली असावी. डाव्या बाजूस 'पुरावा' आणि उजव्या बाजूस 'कल्पना'. दिवसभरात जे जे सुचेल, कळेल, ते ते योग्य बाजूस लिहावयाचे. हे वाटते तितके सोपे नाही.

गावाच्या नावाचीच गोष्ट घ्या. १७८७ साली ठाण्याच्या किल्ल्यात नव्या बांधकामाचा पाया खणताना जमिनीतून कोरीव अक्षरांचे ताम्रपट निघाले. त्यावर शके ९३९ असा काळ दिला होता. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे १०१७. शिलाहार वंशातील अरिकेसरी राजाच्या दानाचा तो लेख होता. कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीने आपल्या ग्रंथमालेच्या पहिल्याच खंडात, १७८८ साली, त्याचे इंग्रजी भाषांतर छापले. शिलाहारांच्या लेखांत या गावाचे नाव येते 'श्रीस्थानक'. स्थानक, ठाणक, ठाणे : जीभ हजार वर्षे एकच शब्द घोळवीत आली आणि तो गोटीसारखा गुळगुळीत झाला. राजा गेला, त्याचे सैन्य गेले, वाडे गेले. तांब्याचे पत्रे तेवढे मातीत तग धरून राहिले. कुदळीचा घाव एक हात बाजूला पडला असता तर? हा प्रश्न मात्र उजव्या बाजूचा.

टेंभी नाक्यापासून हा किल्ला दूर नाही. आज त्याला कोणी किल्ला म्हणत नाही. ते ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह आहे. तेथेही आत जाता येत नाही. भिंतीकडे पाहत दुरून उभे राहावयाचे. या भिंतीआड घडलेली एक गोष्ट अशी आहे की, ती नीट सांगितली तर वर्गातला शेवटच्या बाकावरचा मुलगादेखील खिडकीबाहेर पाहायचे विसरेल.

त्या वेळी पुण्यास दुसरे बाजीराव पेशवे होते. त्रिंबकजी डेंगळे हा त्यांचा अत्यंत विश्वासू कारभारी. १८१५ साली बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन बोलणी करण्यासाठी पेशव्यांकडे आले होते. त्यांच्या सुरक्षिततेची हमी इंग्रजांनी दिलेली होती. जुलै महिन्यात पंढरपूर येथे शास्त्रीबोवांचा खून झाला. पुण्याचा इंग्रज रेसिडेंट एल्फिन्स्टन याने त्रिंबकजीवर आरोप ठेवला आणि त्याला आपल्या स्वाधीन करण्याची मागणी केली. बाजीरावांनी टाळाटाळ करून पाहिली, अखेर मान तुकवली. त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैद झाला.

इंग्रजांनी पहाऱ्याची व्यवस्था फार काळजीपूर्वक केली. देशी शिपाई फितूर होतील, या भीतीने पहाऱ्यावर सगळे गोरे शिपाई नेमले. त्यांना मराठीचा एक शब्दही कळत नव्हता. इंग्रजांना वाटले, हीच आपली मोठी तटबंदी! परंतु नेमके तेथेच भोक राहिले.

किल्ल्यातील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार होता. मोतद्दार म्हणजे घोड्याची निगा राखणारा चाकर. तो मालकाचा घोडा घेऊन त्रिंबकजीच्या खिडकीखाली येई आणि काम करता करता गाणे म्हणे. गरीब चाकर गात आहे, यात विशेष ते काय? पहारेकरी ऐकत आणि दुर्लक्ष करीत. पण त्या गाण्यात निरोप होता. घोडे तयार आहेत, माणसे दबा धरून वाट पाहत आहेत, एकच स्वार कमी आहे, अशा आशयाचा तो निरोप. गोऱ्या शिपायांच्या कानांवरून जे गेले, ते खिडकीतल्या कैद्याच्या कानांत शिरले. १२ सप्टेंबर १८१६ च्या संध्याकाळी, अंधार पडल्यावर, त्रिंबकजी पहाऱ्यातून निसटला. ठाणे हे साष्टी बेटावर. मध्ये खाडी आणि पलीकडे पेशव्यांचा मुलूख. सकाळपर्यंत पाखरू उडून गेले होते.

गोष्ट ऐकून मुले टाळ्या वाजवतील. पण शिक्षकांचे खरे काम येथून सुरू होते. ते विचारतील, "हे आपल्याला कोणी सांगितले?"

मोतद्दाराने काही लिहून ठेवले नाही. त्याचे नावही आपल्या हाती नाही. ग्रँट डफ या इंग्रज अधिकाऱ्याने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला, त्यात ही हकिकत येते. रेजिनाल्ड हेबर हा इंग्रज बिशप १८२४ साली काशीजवळच्या चुनारच्या किल्ल्यात गेला, तेव्हा पुन्हा पकडला गेलेला त्रिंबकजी तेथे कैदेत होता. हेबरने त्याला पाहिले. पुढच्या वर्षी हेबर ठाण्यास आला आणि तेथील नव्या इंग्रजी चर्चचा उद्घाटनविधी त्याने केला. आपल्या प्रवासवर्णनात त्याने मोतद्दाराचे गाणे दिले आहे, पण ते इंग्रजीत! मूळ मराठी शब्द त्यात नाहीत. केवढी चमत्कारिक गोष्ट! मराठी कळत नव्हती म्हणून ज्या इंग्रजांची फसगत झाली, त्यांच्याच भाषेत ते गाणे उरले आणि ज्या भाषेने त्यांना चकविले, तीतून ते हरपले.

तेव्हा वर्गाला काम द्यावे : हरवलेले गाणे मराठीत रचा. मात्र नियम असे की, ऐकणाऱ्याला ते घोड्याला चुचकारण्याचे साधे गाणे वाटले पाहिजे, आणि खिडकीतल्या माणसाला मात्र त्यातून कधी, कोठे, किती जण, हे सारे कळले पाहिजे.

हे काम हाती घेतल्यावर मुलांच्या ध्यानात येते की आपल्याला पुष्कळच ठाऊक नाही. खाडी कशाने ओलांडायची? कोणी "पुलावरून" असे लिहिले, की दुसरा विचारील, "पूल होता का तेव्हा?" कोणी "गाडी धरून ये" असे लिहील आणि सगळा वर्ग हसेल, कारण मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी आली ती १६ एप्रिल १८५३ रोजी, त्रिंबकजीला तिच्यासाठी सदतीस वर्षे थांबावे लागले असते. एखादी मुलगी "आगकाडी पेटवून खूण करीन" अशी सुंदर ओळ जुळवील. तिला वाईट वाटेल, पण ती ओळ खोडावी लागेल, कारण घासून पेटणारी काडी इंग्लंडातच १८२६ च्या सुमारास निघाली. मग खूण कशाने करावी? चकमकीने? मशाल तर पहारेकऱ्याला दिसेल! सप्टेंबर महिना, पावसाळा पुरता सरलेला नाही. चंद्र असेल काय? त्या रात्रीची तिथी कोणती? जुने पंचांग कोठे पाहावयास मिळेल?

ठाण्यातील मुलांना यासाठी दूर जाण्याचे कारण नाही. १ जून १८९३ रोजी ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले. 'महाराष्ट्र सारस्वत' लिहिणारे विनायक लक्ष्मण भावे यांचा त्या कामी पुढाकार होता. मिठागराचा व्यवसाय सांभाळून या गृहस्थाने जुन्या कवितांची बाडे जमविण्याचा ध्यास घेतला. त्याच पिढीतले इतिहासाचार्य राजवाडे तर गावोगाव हिंडून वाड्यांच्या माळ्यांवरचे कागद धुंडाळीत असत. आपल्या गावाविषयी वाचू इच्छिणाऱ्यांसाठी डॉ. दाऊद दळवी यांचे 'असे घडले ठाणे' हे पुस्तकही आहे. चार ओळींच्या गाण्यासाठी मुले ग्रंथालयात जातील. एरवी चाळीस पानांच्या धड्यासाठी ती जात नाहीत! "असले खेळ करीत बसलो तर अभ्यासक्रम कधी संपणार?" असे विचारणाऱ्या मोठ्या माणसांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

गाणी तयार झाली. वर्गात त्यांचे वाचन झाले. त्रिंबकजी सर्वांचा नायक झाला. अशा वेळी शिक्षकांनी शांतपणे आठवण करून द्यावी, "पंढरपुरात एका माणसाचा खून झाला होता."

वर्ग एकदम गप्प होईल. पळून जाणारा माणूस गोष्टीत नेहमीच आवडता होतो. मेलेल्या माणसाला गाणे नसते. गंगाधरशास्त्र्यांच्या घरच्यांना ती सुटकेची बातमी कळली असेल, तेव्हा त्यांना काय वाटले असेल? याचे उत्तर नाट्यातून शोधता येते. वर्गात न्यायसभा भरवावी. कोणी शास्त्रीबोवांच्या बाजूने बोलावे, कोणी त्रिंबकजीच्या, कोणी एल्फिन्स्टन व्हावे, कोणी बाजीराव. ज्याने सर्वांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या, त्यालाच शास्त्रीबोवांची बाजू द्यावी. त्याला आधी राग येईल. पण दोन दिवस वाचून, मुद्दे काढून तो उभा राहील, तेव्हा त्याच्या आवाजातला फरक साऱ्यांना कळेल.

दुसऱ्या बाजूलाही बोलण्यासारखे पुष्कळ आहे. त्रिंबकजीवर उघड न्यायासनापुढे खटला चालला आणि साक्षीपुरावा होऊन निकाल लागला, असे घडले नाही. आरोप ठेवणारे आणि कैदेत टाकणारे एकच. शिवाय इंग्रजांना पेशवाईत हात घालण्यास निमित्त हवेच होते. जून १८१७ मध्ये त्यांनी पेशव्यांना पुण्याच्या तहावर सही करावयास लावली, नोव्हेंबरात खडकीची लढाई झाली आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. त्याच वर्षी त्रिंबकजी पुन्हा सापडला. त्याला चुनारला नेऊन ठेवले आणि १८२९ साली तेथेच त्याचा अंत झाला. वर्गाच्या न्यायाधीशाला निकाल देताना घाम फुटेल. त्याने "पुरावा अपुरा आहे" असे लिहिले, तर ती पळवाट समजू नये. मात्र कोणता पुरावा मिळाला असता म्हणजे निकाल देता आला असता, हे त्याच्याकडून लिहवून घ्यावे.

याच भिंतीआडच्या काही गोष्टी अशा आहेत की, त्यांचे नाटक बसविण्याची घाई करू नये. सह्याद्रीच्या रानात इंग्रजांविरुद्ध बंड करणारे राघोजी भांगरे यांना २ मे १८४८ रोजी येथे फाशी दिले. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन याच्या वधाबद्दल अनंत कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे या तिघांना १९ एप्रिल १९१० रोजी येथेच फासावर चढविले. अनंत अवघा अठरा वर्षांचा होता. आपल्या घरातल्या मोठ्या भावाचे वय मनात आणून मुलांनी या तारखा वहीत लिहाव्यात. त्या पाठ करा, असे सांगावे लागत नाही.

सहामाही परीक्षा संपते आणि दिवाळी येते. महाराष्ट्रातल्या मुलांना दिवाळीत किल्ला करावयास कोणी शिकवावे लागत नाही. दगड, माती, पोती, गेरू, वर पेरलेले अळीव, बुरुजावर मावळे आणि सर्वांत उंचावर शिवाजी महाराज. दरवर्षी रायगड होतो, सिंहगड होतो, प्रतापगड होतो. ठाण्याच्या मुलांनी एकदा ठाण्याचा किल्ला करून पाहावा. डोंगर नाही म्हणून तो सोपा वाटेल, पण तसा तो नाही. जुने नकाशे आणि चित्रे शोधावी लागतील; बुरुज किती, खाडी कोणत्या अंगाला, दरवाजा कोठे, हे ठरवावे लागेल. निळ्या रंगाच्या पाण्याची खाडी, तिच्या पलीकडे झुडपांत दडलेले मातीचे घोडे आणि अलीकडे, एका खिडकीखाली, हातात खरारा घेतलेला चिमुकला मोतद्दार.

किल्ला पाहायला आळीतली लहान मुले जमतील. त्यांतले एखादे विचारील, "दादा, घोडा याच खिडकीखाली उभा होता, हे तुला कोणी सांगितले?" मग किल्लेदाराने बाजूला ठेवलेली वही आणावी, पान उलटावे, आणि ही खिडकी रेघेच्या कोणत्या बाजूस लिहिली आहे, ते त्याला दाखवावे.